मोठ्यांचं ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि साधना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही, धर्मगुरू नाही, सिस्टरही नाही. बरीच वर्षं मोठ्या माणसांचा एक अभ्यासगट चालवते, एवढंच. खालचे बहुतेक प्रश्न गटात कुणी मोठ्याने विचारलेले नाहीत. सगळे पांगल्यावर, दारात उभं राहून, आवाज खाली आणून विचारलेले आहेत. पन्नाशीतल्या माणसाला ‘पवित्र आत्मा म्हणजे नक्की काय हो?’ हे चारचौघांत विचारायची लाज वाटते. माझ्या अनुभवात मोठ्यांच्या शिक्षणातली सगळ्यात मोठी अडचण हीच. अज्ञान त्या मानाने सोपं असतं.

लहानपणी संडे स्कूल झालं, धर्मशिक्षणाचे वर्ग झाले, दृढीकरणही (बाप्तिस्म्यानंतरचा, विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं. आता पुन्हा काय शिकायचं?

धर्मशिक्षण हा मुलांचा विषय, ही समजूत तशी अलीकडची आहे. रॉबर्ट रेक्स यांनी इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये संडे स्कूल सुरू केलं ते 1780 मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही शतकांत, शिकणारे मुख्यतः मोठेच असत. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्याने तीन वर्षं शिकावं, असा नियम रोमच्या हिप्पोलितच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रंथात सापडतो. जेरुसलेमचा बिशप सिरिल याने सुमारे 350 मध्ये दीक्षार्थींना, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना, दिलेली व्याख्यानं आजही वाचायला मिळतात. ती सगळी मोठ्यांसाठीच आहेत. पुढे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देण्याची रीत सर्वत्र रुळली आणि मोठ्यांचं शिकणं मागे पडलं. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) ते पुन्हा वर काढलं आणि 1972 मध्ये प्रौढ दीक्षार्थींचा विधी नव्याने आला.

दुसरं कारण अगदी साधं आहे. दहाव्या वर्षी पाठ केलेलं उत्तर दहा वर्षांच्या प्रश्नाला पुरतं. आई-वडिलांचं आजारपण, मोडलेला संसार, गेलेली नोकरी, स्वतःच्या हातून घडलेली एखादी चूक, हे सगळं नंतर येतं. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष माणसाच्या दुःखाचं, आठवीत कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नसते.

माझं वय झालंय. आता डोक्यात शिरेल का?

पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला हा मुळात सैनिकी पेशातला माणूस. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचन झालं आणि आयुष्याची दिशा बदलली. पुढे काही करायचं तर लॅटिन हवं, म्हणून तिशी उलटल्यावर हा माणूस बार्सिलोनात व्याकरण शिकायला बसला. जे इतर पोरवयात शिकत, ते हा या वयात घोकत होता.

त्याच्या आत्मकथनात एक मजेशीर गोष्ट आहे. शब्दरूपं पाठ करायला बसला की त्याला नेमके उच्च आध्यात्मिक विचार सुचायचे. प्रार्थनेला बसल्यावर इतके सुचत नसत, मग आताच का, याचा त्याला संशय आला. अभ्यास टाळायचा हा मोह आहे हे त्याने ओळखलं. मग तो शिक्षकांकडे गेला आणि त्यांना शब्द दिला, की खायला भाकर आणि प्यायला पाणी मिळतंय तोवर दोन वर्षं तुमचा एकही तास चुकवणार नाही.

तेव्हा ‘वाचायला बसलं की नेमकं कपाट आवरावंसं वाटतं’ असं कुणी सांगितलं, की मी ही गोष्ट सांगते.

बायबल कधी सलग वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या कथेपासून. सोळा अध्याय आहेत, चार शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. मोठ्याने वाचलं तरी दोन तासांच्या आत होतं, आणि एका बैठकीत वाचलं तर त्याचा वेग जाणवतो. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर (बायबलमधल्या क्रमांक घातलेल्या वाक्याला ओवी म्हणतात) तुटतं. स्त्रिया भेदरून येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. हा शेवट असा का, यावर एक अख्खी संध्याकाळ बोलता येतं.

मग लूक. त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण लेखक तोच आहे. रोज एक स्तोत्र सोबत ठेवा. एकशे पन्नास आहेत, पाच महिने पुरतात.

उत्पत्तीपासून निघून सरळ शेवटपर्यंत जायचं, असा बेत बहुतेक जण करतात आणि लेवीयमध्ये, म्हणजे नियमांनी भरलेल्या तिसऱ्याच पुस्तकात, थांबतात. यात तुमचा दोष नाही. एका पुस्तकाच्या रूपात बांधलेलं ते खरं तर ग्रंथालय आहे, आणि ग्रंथालय कुणी पहिल्या कपाटापासून वाचायला घेत नाही.

माझ्या बायबलमध्ये मैत्रिणीच्या बायबलपेक्षा पुस्तकं कमी आहेत. गहाळ झाली का?

नाही. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये 73, ऑर्थोडॉक्स परंपरांमध्ये आणखी काही. फरक जुन्या करारातला आहे. नवा करार तिघांचाही 27 पुस्तकांचाच.

भाषांतर मात्र शक्य असेल तर दोन प्रकारचं जवळ ठेवा, एक जुन्या वळणाचं आणि एक सोप्या भाषेतलं. जिथे दोघांचे शब्द वेगळे दिसतात तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथे बहुतेकदा मूळ शब्दच अवघड असतो, आणि गटात विचारायला आयता प्रश्न मिळतो.

गटात नक्की काय चालतं? भाषण असतं का?

पूर्वी असायचं, आणि द्यायची मीच. एकदा बारा पानांची टिपणं काढून पाऊण तास बोलले. संपल्यावर बघितलं तर समोरचे एक गृहस्थ डुलक्या घेत होते आणि त्यांच्या शेजारच्या बाई त्यांना उठवायचं की नाही या विचारात होत्या. त्यानंतर टिपणं एका पानावर आणली.

आता एक उतारा घेतो आणि तो तीनदा वाचतो, दर वेळी वेगळ्या आवाजात. एका संध्याकाळी मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय होता. यरीहोच्या वाटेवर बसलेला भिकारी ‘येशू, माझ्यावर दया कर’ अशा हाका मारतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’

पहिल्या वाचनानंतर सगळे शांत होते. दुसऱ्या वाचनानंतर एरवी तोंड न उघडणाऱ्या एका बाई म्हणाल्या, ‘याने अंगावरचं वस्त्र का टाकलं?’ कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उठताना तो वस्त्र टाकून देतो, असं ओवीत स्पष्ट आहे. भिकाऱ्याचं ते पांघरूण असेल, भीक गोळा करायला पुढे पसरलेलंही असेल. डोळे नसलेल्या माणसाने गर्दीत टाकलेली वस्तू त्याला परत कशी सापडणार? म्हणजे परत इथे येऊन बसायचं नाही, हे त्याने दृष्टी येण्याआधीच ठरवलं होतं का?

मग आणखी कुणीतरी पान मागे उलटलं. त्याच अध्यायात थोडं आधी येशूने नेमका हाच प्रश्न याकोब आणि योहान या आपल्याच शिष्यांना विचारला आहे. त्यांनी मागितल्या येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या, मानाच्या जागा. आंधळ्याने मागितली दृष्टी. मार्कने हे दोन प्रसंग शेजारी ठेवलेत ते उगाच नसावं.

हे काही मी शिकवलं नाही. मी फक्त वेळ पाहत होते.

‘लेक्शियो डिव्हिना’ म्हणजे काय? काही गूढ प्रकार आहे का?

गूढ काही नाही. लॅटिन नाव आहे, अर्थ ‘पवित्र वाचन’. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांच्या दिनक्रमात या वाचनाला रोजचे तास नेमून दिले. बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन मठाधिपतीने त्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. त्याची उपमा जेवणाची आहे. वाचन घास तोंडात घालतं, मनन चावतं, प्रार्थनेने चव उतरते, आणि चौथी पायरी म्हणजे ती गोडीच.

करून बघायचं तर सात-आठ ओव्यांचा उतारा घ्या, जास्त नको. सावकाश वाचा. एखादा शब्द अडतो का बघा, मग तो आवडलेला असो वा खटकलेला. पुन्हा वाचा. त्या शब्दाचं आपल्या चालू आठवड्याशी काय नातं ते बघा. मग देवाशी त्याबद्दल बोला, आणि शेवटी थोडा वेळ काहीच करू नका. वीस मिनिटं पुरतात. शेवटची पायरी सगळ्यांना जड जाते, मलाही.

प्रार्थनेला बसलं की मन भटकतं. माझ्यातच काही कमी आहे का?

सगळ्यांचं भटकतं. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या न्हाव्याने, पीटर त्याचं नाव, प्रार्थना कशी करावी असं त्याला विचारलं होतं. उत्तरादाखल ल्यूथरने 1535 मध्ये एक छोटं पुस्तकच लिहिलं, तेही न्हाव्याच्याच भाषेत. चांगल्या न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं. तो गप्पा मारत इकडेतिकडे बघू लागला तर गिऱ्हाइकाचं नाक, तोंड, गळासुद्धा कापेल. तसंच प्रार्थनेचं.

त्याचा उपाय असा. प्रभूच्या प्रार्थनेतली (येशूने शिकवलेली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही) एकेक ओळ घ्या आणि तिच्याभोवती आपल्या शब्दांत बोला. मध्येच एखाद्या ओळीवर मन चांगलं रमलं, तर बाकीच्या ओळी सोडून द्या आणि तिथेच थांबा. प्रार्थना ‘पूर्ण’ झाली नाही म्हणून खंत करू नका.

याच माणसाची आणखी एक गोष्ट मला धीर देते. 1529 च्या मोठ्या प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत तो लिहितो, की मी धर्मशास्त्राचा डॉक्टर आणि उपदेशक असूनही सकाळी लहान मुलासारखा दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो याचं ठरलेलं निवेदन), प्रभूची प्रार्थना शब्दन् शब्द म्हणतो, आणि मला या प्रश्नोत्तरीचा विद्यार्थीच राहावं लागतं. (प्रश्नोत्तरी म्हणजे तरी काय, वारंवार विचारले जाणारे प्रश्नच. पद्धत जुनी आहे.)

ऑर्थोडॉक्स परंपरेतली येशू-प्रार्थनाही अनेकांना उपयोगी पडते : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वासाच्या लयीत, हळू. बार्तीमयाची हाक तिच्यात ऐकू येते ना?

दिवसभर काम, घरी आल्यावर घरचं. साधनेला वेळ कुठून आणू?

दहा मिनिटांची रात्रीची उजळणी करा. इग्नेशियसने तिची पाच पावलं सांगितली आहेत. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार. मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून कृपा मागणं. मग दिवस तासातासाने आठवणं. चुकलेल्याबद्दल क्षमा. आणि उद्यासाठी एक ठराव.

लोक पहिलं पाऊल गाळून थेट चुकांवर येतात, मग ही साधना म्हणजे रोज रात्री स्वतःला झोडपणं होऊन बसतं. आभार नावानिशी माना. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं मोघम नको. दुपारी कुणी जागा दिली, कुणाचा फोन आला, तेवढं.

इग्नेशियसच्या तीस दिवसांच्या आध्यात्मिक साधनांनाही कामकरी माणसांसाठी पर्याय आहे. ‘आध्यात्मिक साधना’ याच नावाच्या त्याच्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या सूचनांमधली एकोणिसावी सांगते, की ज्याला कामधंदा सोडून जाता येत नाही त्याने रोज दीड तास काढून तीच साधना घरी राहून करावी. ती मात्र अनुभवी मार्गदर्शकाशिवाय करू नका. पुस्तक वाचून एकट्याने करायची ती गोष्ट नाही.

मला शंका आहेत. चमत्कार, नरक, जुन्या करारातली युद्धं. हे विचारलं तर लोक काय म्हणतील?

योहानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम येतो. शास्त्री, वयस्क, समाजात मान असलेला. तो येशूकडे रात्री येतो. का रात्री, यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिलंय. मला त्यात आमच्या दारात रेंगाळणारी माणसं दिसतात. त्याचा प्रश्नही जरा बाळबोधच आहे : म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल? येशू त्याला थोडं टोकतो, पण परत पाठवत नाही. हाच निकदेम एकोणिसाव्या अध्यायात, येशूच्या मरणानंतर, त्याच्या दफनासाठी सुगंधी द्रव्यांचं ओझं घेऊन उघडपणे येतो.

प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत असतो. ‘वाचताय ते कळतंय का?’ असं फिलिप्प विचारतो. एवढा मोठा अधिकारी सरळ सांगतो, कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार? आणि त्याला रथात शेजारी बसवून घेतो.

तेव्हा विचारा. ज्या गटात ‘असं विचारायचं नसतं’ हे उत्तर मिळतं, तो गट बदला. मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मिळेल असं नाही. आमच्याकडे वहीचं एक पान ‘राहिलेले प्रश्न’ म्हणून आहे, त्यातले काही चार वर्षं तसेच आहेत.

उपास करावा का?

तब्येत साथ देत असेल तर. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, औषधं चालू असतील, किंवा खाण्याशी आधीच बिनसलेलं असेल तर अन्नाचा उपास नको, दुसरं काही सोडा. आणि ईस्टरआधीच्या उपासकाळाला चाळीस दिवस का म्हणतात, याचा नेहमीचा हिशोब : तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा सण. राहिले चाळीस.

नवरा कॅथलिक, मी प्रॉटेस्टंट. एकत्र शिकता येईल?

शास्त्रवाचन, प्रार्थना, निकेयाचा विश्वासांगीकार (325 मध्ये घडला, 381 मध्ये आजच्या रूपाजवळ आला) एवढं सामायिक भांडवल भरपूर आहे. मतभेद आहेत ते संस्कार, अधिकार आणि मरियेच्या स्थानाबद्दल. ते झाकू नका. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी मांडून दाखवायचं आणि मगच आपलं सांगायचं, एवढा एक नियम ठेवा. घरी हा नियम पाळणं गटापेक्षा अवघड आहे, एवढं मात्र सांगून ठेवते.

ऑनलाइन पदविका करू की गटात येऊ?

इतिहास, भाषा, ग्रंथांची पार्श्वभूमी यासाठी अभ्यासक्रम उत्तम. पण कुणीतरी दर आठवड्याला ‘कसं चाललंय?’ असं विचारणारं लागतं, आणि ते पडद्यावर क्वचित जमतं.

मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे वर्गगट कसे सुरू झाले ठाऊक आहे? 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची, असं ठरलं. गोळा करणारे घरोघर जाऊ लागले, तेव्हा कोण आजारी आहे, कोण दारूकडे वळलंय, कोणाचं भांडण झालंय हे कळू लागलं. त्यांचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या लक्षात आलं की हवं होतं ते हेच. पेनीच्या निमित्ताने एक माणूस दुसऱ्याच्या दारात जात होता.

गट बरा आहे की नाही, कसं ओळखायचं?

पुढारी ‘मला ठाऊक नाही’ असं म्हणतो का? पैशांचा हिशोब मांडला जातो का? तिथे सांगितलेली खासगी गोष्ट बाहेर जाते का? एखादा येईनासा झाला तर त्याच्याबद्दल कसं बोलतात? घरच्यांपासून, जुन्या मित्रांपासून तुटायला सांगतात का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे प्रश्न विचारत बसू नका, निघा.

प्रार्थना करूनही उदास वाटतं. विश्वास कमी पडतोय का?

नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, जगण्यात रस नाही असं होत असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आणि प्रार्थनेत आनंदी चेहरा करून बसायची गरज नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. तेरावं ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असंच सुरू होतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, ते अंधारातच संपतं. संपादन करणाऱ्यांनी ते गाळलं नाही, दुसऱ्या कुणाच्या ओवीने गोडही केलं नाही.

मला स्वतःला गट चालवता येईल का? माझं तेवढं शिक्षण नाही.

सुमारे 400 मध्ये कार्थेजच्या देवग्रातियास नावाच्या डिकनने (धर्मगुरूखालोखालचा चर्चचा सेवक) प्रसिद्ध बिशप ऑगस्टीनला कळवलं, की नव्या लोकांना शिकवताना माझंच बोलणं मला कंटाळवाणं वाटतं. ऑगस्टीनने उत्तर दिलं, की मलाही माझं बोलणं जवळजवळ कधीच आवडत नाही, ऐकणाऱ्यांना ते आपल्याला वाटतं तितकं वाईट वाटत नसतं. पुढे एक अगदी घरगुती सल्ला दिलाय : ऐकणारा उभं राहून दमला असेल, जांभया देत असेल, तर काहीतरी हलकंफुलकं बोला, आणि त्याला बसायला द्या.

प्रेषितांच्या कृत्यांत तंबू शिवणारं जोडपं आहे. त्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी अपुल्लोसारख्या फर्ड्या वक्त्याला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं. बाजूला घेऊन, हे महत्त्वाचं. चारचौघांत चूक काढली असती तर तो बहुधा पुन्हा आला नसता.

पहिल्या दिवशी येताना काय आणू?

बायबल, पेन्सिल आणि वाचायचा चष्मा. चष्मा विसरणारे फार आहेत, आणि मग वाचायची पाळी आली की ते ‘आज घसा बसलाय’ म्हणतात. प्रश्न असेल तर घरूनच कागदावर लिहून आणा. माणसं समोर दिसली की तो आठवत नाही. कागदावर नाव घालू नका. दाराशी एक डबा ठेवलेला असतो, त्यात टाका.